मुंबईचीं एकोणचाळीस मिनिटें

मुंबईच्या रस्त्यावर एकानें दुसऱ्यास "किती वाजले?" म्हणून विचारावें, आणि त्यानें खिशांतलें घड्याळ बाहेर काढण्यापूर्वीं उलट विचारावें, "मुंबई टाइम कीं स्टँडर्ड टाइम?" हा संवाद आज ऐकणाऱ्याला एखाद्या प्रहसनांतला वाटेल. परंतु या शहरानें तो जवळजवळ चार तपें अगदीं गंभीरपणें केला. लग्नपत्रिकेंत मुहूर्ताच्या आंकड्यापुढें 'स्टँ. टा.' हीं तुटक अक्षरें छापावीं लागत, तीं या संवादाचींच खूण. गाडी चुकलेल्या माणसाला आणि सभेस उशीरां येणाऱ्या वक्त्याला तर या दुहेरी कालगणनेनें कायमची सबब मिळवून दिली होती. दोन घड्याळांमधील अंतर अवघें एकोणचाळीस मिनिटांचें. तेवढ्यासाठीं मुंबईंत सभा झाल्या, अर्ज गेले, गिरण्यांवर दगड पडले, आणि सरकारच्या हुकुमाला महानगरपालिकेनें आपल्या घड्याळाचे कांटे न हलवून उत्तर दिलें.

हा तंटा नीट समजावयाचा तर घड्याळ घरोघर येण्यापूर्वींची मुंबई डोळ्यांपुढें आणावी लागते. तेव्हां वेळ ही पाहावयाची वस्तु नव्हती; ती ऐकावयाची वस्तु होती. देवळांतला घंटानाद, मशिदींतली बांग, बंदरावरची तोफ यांवर दिवसाचे भाग पडत. किल्ल्याचे दरवाजे रात्रीं बंद होत, आणि बाहेर राहिलेल्या माणसास आपल्याला उशीर झाला हें कोणीं सांगावें लागत नसे. लग्नघरांत उपाध्याय पाण्यानें भरलेल्या भांड्यांत तळाशीं बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी सोडी. ती भरून बुडाली कीं एक घटका झाली. अशा साठ घटका म्हणजे एक अहोरात्र, म्हणजे आजच्या हिशेबानें एक घटका चोवीस मिनिटांची. मुहूर्त साधावयाचा तर त्या वाटीकडे टक लावून बसलेला मनुष्य हेंच त्या घरचें घड्याळ. १८६० नंतरच्या दशकांत सर बार्टल फ्रीयर यांच्या कारकीर्दींत किल्ल्याची तटबंदी पडली, शहर मोकळें झालें, आणि दरवाजे मिटण्याच्या वेळेचा धाकही त्याबरोबर गेला.

सूर्य माथ्यावर आला कीं दोन प्रहर, एवढा साधा हिशेब सर्व गांवांचा होता. परंतु सूर्य सर्व गांवांच्या माथ्यावर एकदम येत नाहीं. पृथ्वीवर पूर्व-पश्चिम एका अंशाचें अंतर पडलें कीं वेळेंत चार मिनिटांचा फरक पडतो. या गणितानें मुंबईची वेळ ग्रीनिचच्या पुढें ४ तास ५१ मिनिटें, मद्रासची ५ तास २१ मिनिटें, आणि कलकत्त्याची सुमारें ५ तास ५३ मिनिटें ठरते. कलकत्त्याच्या कारकुनानें दुपारचा डबा उघडला म्हणजे मुंबईच्या कारकुनास अजून तासभर लेखणी चालवावयाची असे. मात्र दोघांनाही एकमेकांच्या डब्याची वार्ता नव्हती, आणि म्हणून त्यांत कोणाचें बिघडतही नव्हतें.

बिघडूं लागलें तें आगगाडीनें. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी गेली, तेव्हां एकवीस मैलांच्या त्या प्रवासांत वेळेचा प्रश्न उद्भवण्याचें कारण नव्हतें. पुढें लोहमार्ग मुंबई, कलकत्ता व मद्रास यांना जोडूं लागले आणि प्रत्येक स्टेशनाची वेळ निराळी धरून वेळापत्रक छापणें अशक्य होऊन बसलें. तारेचा खडखडाट तर त्याहून चमत्कारिक. कलकत्त्याहून निघालेली तार मुंबईस निघण्याच्या वेळेपूर्वींच पोंचल्याचें कागदावर दिसे. तेव्हां १८७० च्या सुमारास रेल्वेनें साऱ्या हिंदुस्थानासाठीं मद्रासची वेळ स्वीकारली. मद्रास येथें सरकारी वेधशाळा होती, आणि तें शहर मुंबई व कलकत्ता यांच्या बऱ्याच अंशीं मधोमध पडतें, ही त्यांतली सोय. मुंबईच्या लोकांनीं या वेळेस 'रेल्वे टाइम' असें नांव ठेवलें आणि तिला स्टेशनाच्या फाटकाच्या आंतच राहूं दिलें. गाडी धरावयाची तर घरच्या घड्याळाहून अर्धा तास आधीं निघावें, एवढाच तिचा अर्थ. ही तडजोड उत्तम चालली होती.

ती मोडण्याचा पहिला प्रयत्न गव्हर्नर सर जेम्स फर्गसन यांनीं १८८१ सालीं केला. सरकारी कचेऱ्यांतून मद्रासची वेळ पाळावी असा हुकूम निघाला. व्यवहाराच्या दृष्टीनें त्यांत थोडेंसें तथ्य होतें, पण तो ज्या रीतीनें निघाला ती रीत मुंबईला रुचली नाहीं. शहराशीं विचारविनिमय नाहीं, सूचना नाहीं. एका सकाळीं सूर्यानें अर्धा तास लवकर यावें असें फर्मान! व्यापारी, वकील, वृत्तपत्रें यांनीं एकच गिल्ला केला, आणि दोन वर्षांच्या आंतबाहेर सरकारला पाऊल मागें घ्यावें लागलें. वरकरणी ही क्षुल्लक गोष्ट होती. परंतु सरकारचा हुकूम नुसत्या सार्वजनिक नापसंतीनें मागें फिरूं शकतो हा अनुभव १८८५ पूर्वींच्या त्या काळांत क्षुल्लक नव्हता.

या पहिल्या तंट्यांत शहराच्या नव्या मनोऱ्यावरूनही बरीच वादावादी झाली. विद्यापीठाच्या आवारांतील राजाबाई टॉवर १८७८ च्या नोव्हेंबरांत पुरा झाला होता. दोनशें ऐंशी फूट उंचीची ही इमारत त्या वेळच्या मुंबईंत कोठूनही दिसे. आराखडा विलायतेंतील सर गिल्बर्ट स्कॉट यांचा, आणि पैसा कापसाच्या तेजींत कुबेर झालेल्या शेट प्रेमचंद रायचंद यांचा. त्यांनीं दोन लाख रुपये दिले आणि मनोऱ्याला आईचें नांव असावें एवढीच अट घातली. प्रेमचंदांची आई जैनधर्मीय. सूर्यास्तानंतर अन्न न घेण्याचा तिचा नेम. तिची दृष्टि गेलेली असल्यानें मनोऱ्याच्या ठोक्यांवरून तिला संध्याकाळची वेळ कळावी, हा मुलाचा हेतु होता असें सांगतात. कथा असो कीं इतिहास, तिच्यांत एक मर्म आहे. ज्या बाईसाठीं ही घंटा, तिला हवी होती ती सूर्याची वेळ. मद्रासच्या वेळेनें ठोके पडते तर तिचें जेवण विनाकारण अर्धा तास आधीं आटोपलें असतें! त्या काळीं या घड्याळांतून सोळा निरनिराळ्या चाली वाजत आणि त्यांत इंग्लंडचें राजगीतही असे. आईच्या नेमासाठीं बांधलेल्या मनोऱ्यानें राणीचा जयजयकार करावा, हा प्रकार मुंबईलाच शोभणारा.

यानंतर वीस वर्षें शांततेंत गेलीं. १८८४ सालीं वॉशिंग्टन येथें भरलेल्या राष्ट्रांच्या परिषदेनें ग्रीनिचचें रेखावृत्त मूळ म्हणून मान्य केलें, आणि देशोदेशीं ग्रीनिचशीं पूर्ण किंवा अर्ध्या तासांच्या अंतरानें वेळ ठरविण्याची प्रथा पडूं लागली. हिंदुस्थानासाठीं साडेब्याऐंशी अंशांचें रेखावृत्त, म्हणजे ग्रीनिचपुढें साडेपांच तास, असा निर्णय लॉर्ड कर्झन यांच्या अमदानींत झाला. रेल्वे व तारखातें यांनीं तो १९०५ च्या मध्यास उचलला, आणि १ जानेवारी १९०६ पासून मुंबईच्या सरकारी कचेऱ्यांचीं घड्याळें एकोणचाळीस मिनिटें पुढें गेलीं.

शास्त्राच्या दृष्टीनें या योजनेंत खोट काढण्यासारखें कांहीं नव्हतें. आज सारा देश तिच्यावरच चालतो आहे. पण मुहूर्त पाहण्याची कला सरकारला साधली नाहीं, असेंच म्हणावें लागेल. १६ ऑक्टोबर १९०५ रोजीं बंगालची फाळणी अंमलांत आली होती. स्वदेशीची चळवळ मुंबई-पुण्यास पोंचली होती, परदेशी कापडाच्या होळ्या पेटल्या होत्या. अशा वेळीं त्याच कर्झनशाहीची दुसरी भेट म्हणून हें नवें घड्याळ आलें. प्रांत तोडणारानें आतां दिवसही तोडला, अशी भावना होणें स्वाभाविक होतें.

तथापि या प्रकरणाची खरी झळ ज्यांना लागली ते वृत्तपत्रें वाचणारे लोक नव्हेत. ते परळ, लालबाग, चिंचपोकळीच्या चाळींत राहात. कावसजी नानाभाई दावर यांनीं १८५४ सालीं ताडदेवास पहिल्या कापडगिरणीचा पाया घातल्यापासून मुंबईचा उत्तरभाग गिरण्यांनीं भरत गेला होता. कोंकण व घाटावरून आलेल्या या कामकरी वर्गाच्या घरांत घड्याळ क्वचितच असे. त्याची वेळ भोंगा सांगे. पहिला भोंगा झाला कीं उठावें, दुसऱ्याला वाटेस लागावें, तिसरा झाला आणि फाटक मिटलें कीं त्या दिवसाच्या मजुरीला मुकावें. दिवे नव्हते तोंवर गिरणीचा दिवस सूर्योदयाला सुरू होई आणि सूर्यास्ताला संपे. उन्हाळ्यांत तो लांबे, हिवाळ्यांत आंखडे. ही पद्धत कांहीं दयेची नव्हती. पण निदान मालकालाही सूर्याची मर्यादा होती.

विजेच्या दिव्यानें ती मर्यादा काढून टाकली. १९०५ सालीं तेजीच्या भरांत कित्येक गिरण्या चौदा चौदा, पंधरा पंधरा तास चालत, आणि त्याविरुद्ध त्याच वर्षाच्या अखेरीस कामगारांत असंतोष धुमसत होता. प्रौढ पुरुषांच्या कामाच्या तासांवर कायद्याचें बंधन तोंवर नव्हतेंच. बारा तासांची मर्यादा आली ती १९११ च्या कायद्यानें. रविवारची सुटी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीनें १८९० सालीं मिळाली होती, आणि तीच काय ती गिरणीच्या घड्याळावर मिळविलेली पहिली मात.

अशा स्थितींत जानेवारीच्या थंडींत गिरणीचें घड्याळ एकोणचाळीस मिनिटें पुढें करणें म्हणजे काय, याचा हिशेब करून पाहावा. त्या महिन्यांत मुंबईंत सूर्य उगवतो तो मुंबई वेळेनें साडेसहाच्या किंचित् नंतर, स्टँडर्ड वेळेनें सव्वासातच्या सुमारास. समजा, गिरणी सहा वाजतां सुरू होते. जुन्या घड्याळानें कामगार उजाडण्यापूर्वीं अर्धा तास फाटकाशीं उभा राही. नव्या घड्याळानें सव्वा तास. त्याच्या आधीं चूल पेटवून भाकरी थापणारी, नळावर रांगेंत घागर लावणारी बायको आणखी तासभर मागें. संध्याकाळीं तितक्याच मिनिटांनीं सुटकाही लवकर होईल हें गणितानें खरें होतें. पण ज्या गिरणीनें विजेचे दिवे लावून संध्याकाळच नाहींशी केली, तिचें गणित कामगारानें कां मानावें? वर्षाच्या त्या पहिल्या आठवड्यांतच कांहीं हजार कामगारांनीं काम थांबविलें, गिरणीवर दगडफेक झाली. या दंग्याचें वर्णन करणारांनीं 'अडाणी लोकांना स्टँडर्ड टाइम समजला नाहीं' असें म्हणून कांहीं वेळां हंसें केलें आहे. त्यांना तो इतरांपेक्षां अधिक समजला होता. तो त्यांच्या झोंपेंतून कापून घ्यावयाचा होता.

शहरांतल्या मध्यमवर्गाचा विरोध निराळ्या धाटणीचा होता. त्यानें सभा भरविल्या, अर्जांवर हजारोंनीं सह्या केल्या, आणि अखेर प्रश्न महानगरपालिकेंत नेला. तेथें सर फिरोजशहा मेहता यांचा शब्द म्हणजे निम्मा ठराव. पालिकेच्या १८८८ च्या कायद्याचें बरेंचसें श्रेय ज्यांच्याकडे जातें ते हे फिरोजशहा. लोकनियुक्त सभासदांची ही एवढीच काय ती जागा लोकांच्या हातीं असल्यानें तिच्या अधिकाराच्या बाबतींत ते कमालीचे दक्ष असत. पालिकेच्या मालकीचें घड्याळ किती वाजले म्हणून दाखवील हें पालिका ठरवील, गव्हर्नर नव्हे, असा हा सरळ पेंच होता. १९०६ सालींच पालिकेनें आपला कारभार मुंबई वेळेनें चालविण्याचें ठरविलें, आणि सरकारला तें मुकाट्यानें पाहात बसावें लागलें. तोफा, पोलीस, तारायंत्रें सर्व सरकारपाशीं. पण पालिकेच्या घड्याळाची किल्ली नव्हती.

आणि मग सुरू झाला तो मुंबईचा नित्याचा दुहेरी संसार. बोरीबंदरच्या चौकांत एका बाजूला व्हिक्टोरिया टर्मिनस, समोर महानगरपालिकेची इमारत. दोन्ही एकाच स्थापत्यविशारदाच्या, फ्रेडरिक स्टीव्हन्सच्या, हातच्या. एक १८८८ ची, दुसरी १८९३ ची. मधला रस्ता ओलांडावयास दोन मिनिटें पुरतात. स्टेशनांत दुपारचे बारा वाजले असतां रस्ता ओलांडून पालिकेंत शिरणारा मनुष्य अकरा वाजून तेवीस मिनिटांनीं आंत पाऊल टाकी. काम न होतां तो लगेच परत फिरला तरी बारा वाजून चार मिनिटांनीं स्टेशनांत! तेथून पायीं दहा मिनिटांवर क्रॉफर्ड मार्केट, तेंही पालिकेचेंच. भाजीची पिशवी घेऊन गाडी धरणाऱ्या गृहस्थाच्या मनांत ही बेरीज-वजाबाकी सतत चाललेली असे. पोरें ती बाराखडीबरोबर शिकत. बाहेरगांवचा पाहुणा मात्र पहिले दोन दिवस हटकून गोंधळे, आणि त्याला समजावून सांगण्यांत यजमानाला एक प्रकारचा मुंबईकरी अभिमान वाटे.

या अभिमानालाही मर्यादा घालणें जरूर आहे. ज्यांना मुंबई वेळ म्हणजे सूर्याची खरी वेळ वाटे, त्यांचीही थोडी फसवणूकच होत होती. प्रत्यक्ष सूर्य वर्षभर एका चालीनें चालत नाहीं. स्टँडर्ड वेळेच्या भाषेंत बोलावयाचें तर मुंबईचा खरा मध्यान्ह नोव्हेंबरच्या आरंभीं बारा वाजून बावीस मिनिटांच्या सुमारास होतो, तर फेब्रुवारीच्या मध्यास पाऊण तास उलटून आणखी आठ-नऊ मिनिटें गेल्यावर. मुंबई टाइम ही या साऱ्यांची सरासरी. म्हणजे तीही कोणा गणित्यानें कागदावरच बांधलेली होती. फक्त तो गणिती मुंबईच्या जवळचा होता. कुलाब्याची वेधशाळा १८२६ ची. तिला तर याच सुमारास शहराच्या गतीपुढें हार खावी लागली. घोड्यांच्या ट्रामच्या जागीं विजेची ट्राम येणार असें ठरलें, आणि विजेच्या प्रवाहानें चुंबकीय सूया भलतीकडे वळतील म्हणून तेथील चुंबकीय निरीक्षणें १९०४ सालीं खाडीपलीकडे अलिबागेस हलविण्यांत आलीं. नानाभाई आर्देशिर फ्रामजी मूस यांनीं दोन वर्षें दोन्ही ठिकाणीं निरीक्षणें चालू ठेवून तीं एकमेकांशीं जुळवून घेतलीं. विजेची ट्राम ७ मे १९०७ रोजीं धांवूं लागली, तेव्हां सूया सुखरूप समुद्रापलीकडे होत्या. मुंबईच्या घड्याळांवरून इतका कलह झाला. या स्थलांतराविषयीं मात्र कोणी अवाक्षर काढलें नाहीं.

पुढच्या पिढीला मूळ कारणाचा विसर पडला, पण संवय राहिली. फिरोजशहा १९१५ सालीं वारले. कर्झन केव्हांच इतिहासजमा झाले होते. तरी पालिकेचे कांटे हलले नाहींत. दुसऱ्या महायुद्धांत तर सरकारनें स्टँडर्ड वेळही आणखी एक तास पुढें ढकलली. १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत हा युद्धकाल चालला. त्या तीन वर्षांत सरकारी घड्याळ आणि जुनी मुंबई वेळ यांत एक तास एकोणचाळीस मिनिटांचें अंतर पडलें. अंधाराच्या हुकुमांत, दिवे झांकून, काळोख्या पहांटे रेशनच्या दुकानापुढें रांगा लावणाऱ्या लोकांना तें अंतर निराळें सांगण्याची गरज नव्हती.

स्वातंत्र्यानंतर भांडणाला प्रतिपक्षच उरला नाहीं. कलकत्त्यानें आपली वेळ १९४८ सालीं सोडली. मुंबई महानगरपालिकेनेंही १९५० नंतरच्या दशकांत स्टँडर्ड वेळ पत्करली, आणि त्या प्रसंगीं कोणी दगड मारला नाहीं कीं सभा भरविली नाहीं. ३१ मार्च १९६४ च्या रात्रीं शेवटची ट्राम बोरीबंदराहून दादरला गेली. गिरण्यांचे भोंगे १९८२ च्या संपानंतर एकामागून एक मुके होत गेले. आजचा मुंबईकर एकोणचाळीस मिनिटांचें अंतर ऐकून हंसेल. त्याला 'आठ सत्तावन'ची लोकल हवी असते, आठ अठ्ठावनची चालत नाहीं.

फिरोजशहांचा पुतळा पालिकेच्या इमारतीपुढें उभा आहे, आणि समोरच्या स्टेशनाचें घड्याळ आतां पालिकेशीं एका मिनिटानेंही भांडत नाहीं. जुनी वेळ मात्र एका ठिकाणीं अजून पाळली जाते. पारशी लोक दिवसाचे पांच 'गाह' मानतात, आणि प्रत्येक गाहाच्या प्रार्थना निराळ्या. त्यांपैकीं सकाळचा हावन गाह संपून दुपारचा रपिथ्वन सुरू होतो तो मध्यान्हीं. त्यांच्या प्रार्थनेच्या कोष्टकांत या मध्यान्हीपुढें बारा वाजून एकोणचाळीस-चाळीस मिनिटें असा आंकडा असतो.